हालला खरा, हालवला नाही

मामाच्या गुडघ्याखाली रोज सकाळी हातोडी पडायची आणि काहीच व्हायचं नाही. रबरी डोक्याची, बारीक दांड्याची हातोडी. शिकाऊ डॉक्टर मुलगी मामाचा पाय गुडघ्यात वाकवून आपल्या हातावर पेलून धरायची आणि वाटीच्या खालच्या शिरेवर टक्कन मारायची. मग दुसरा पाय. मग पाऊल किंचित वर ढकलून टाचेमागच्या जाड शिरेवर. शेवटी दांड्याच्या टोकानं तळव्याच्या कडेनं एक रेघ. पाय जिथल्या तिथं. फाइलवर ओळीनं शून्यं पडायची आणि राऊंड पुढच्या खाटेकडे सरकायचा.

मला या प्रकाराचा राग यायचा. माणूस पाठ मोडून पडलाय, पाठीत सळ्या आणि स्क्रू घातलेत, आणि ही मंडळी गुडघे काय ठोकत बसलीत? एकदा न राहवून विचारलं, "मॅडम, पाय गेलेत हे तर पहिल्याच दिवशी सांगितलंत. मग रोज काय बघता?"

"परत येतात का ते."

"पाय?"

"नाही. रिफ्लेक्स."

"म्हणजे पायच ना?"

तिनं माझ्याकडं जरा कीव आल्यागत बघितलं, "रात्री ड्युटी आहे, तेव्हा सांगते" म्हणाली आणि गेली.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत बिलं करतो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या बोर्डाबरोबर सुटला. मामेभाऊ लष्करात, तो रजा टाकून येईपर्यंत कुणीतरी पुरुषमाणूस दवाखान्यात राहायला पाहिजे म्हणून माझी नेमणूक झाली. मामाचं गाव करवीर तालुक्यात, नदीकाठी, सगळं ऊसच. गाळप हंगाम जोरात होता. मामा भरलेल्या ट्रॉलीवर चढून मोळ्यांवरचा दोर आवळत होता. दोर सुटला आणि मामा उलटा खाली, बांधावरच्या दगडावर. चौघांनी हातापायाला धरून उचललं, छोट्या हत्तीत घातलं आणि कोल्हापूर गाठलं. अशा माणसाला वाकवायचं नसतं, मान-पाठ एका रेषेत ठेवून फळीवरनं न्यायचं असतं, हे नंतर कळलं. गावात कुणाला माहीत असतं? मला तरी कुठं होतं?

एमआरआय झाला. छातीमागचा आठवा मणका चेपला होता, डी-आठ. पण फाइलवर लिहिलं डी-दहा. मी लगेच सिस्टरला म्हणालो, नंबर चुकलाय. तो चुकला नव्हता. हाडांचा कणा आणि त्याच्या आतला मज्जारज्जू यांची लांबी सारखी नसते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, त्याखाली नुसता नसांचा झुबका. त्यामुळं आठव्या मणक्यामागं मज्जारज्जूचा जो तुकडा असतो, तो साधारण दहावा. दहाव्याची हद्द बेंबीशी. मामाला बेंबीपर्यंत टाचणी टोचलेली कळत होती, त्याखाली काही नाही. हिशेब जुळला. बिलं करणाऱ्या माणसाला हिशेब जुळला की जरा बरं वाटतं.

रात्री ती शिकाऊ डॉक्टर खरंच आली. सांगलीकडची होती, बोलायला मोकळी. तिनं आधी शाळेतलं आठवायला सांगितलं: तव्याला हात लागला की तो मेंदूला न विचारता मागं येतो. प्रतिक्षिप्त क्रिया. कातडीतून किंवा शिरेतून निघालेली खबर मज्जारज्जूत शिरते, तिथल्या तिथं हुकूम सुटतो आणि स्नायू आखडतो. गुडघ्याचंही तेच. हातोडीनं शीर ताणली जाते, मांडीचा स्नायू ताणला जातो, खबर आत जाते, स्नायू आखडतो, पाय उडतो. मेंदूचा संबंध नाही.

इथं माझ्या डोक्यात गोंधळ झाला तो झालाच. मी म्हणालो, "मग मामाचा पाय का उडत नाही? जखम वर आहे, पोटाच्या मागं. गुडघ्याचं हे जे काही आहे ते खाली, शाबूत. मेंदूला विचारायचंच नसेल, तर मेंदूशी वाट तुटली काय आणि राहिली काय?"

ती हसली. म्हणाली, "हा प्रश्न आम्हाला दुसऱ्या वर्षाला पडायला पाहिजे होता. पाय लोंबकळत सोडून बसा." मी रिकाम्या स्टुलावर बसलो. तिनं माझ्या गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय जरासा हलला, म्हणावं तर हलला. मग म्हणाली, "दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि जोरात ओढा, पण सोडू नका." मी ओढलं. तिनं पुन्हा तेवढ्याच जोरानं मारलं आणि माझा पाय असा उडाला की तिच्या ॲप्रनला लागला.

ही हंगेरीच्या येंद्रासिक नावाच्या डॉक्टरची एकोणिसाव्या शतकातली युक्ती. ओढले मी हात, जोर चढला गुडघ्याला. म्हणजे गुडघ्याचं काम खालच्या खाली चालत असलं, तरी वरून त्याच्यावर सतत काहीतरी उतरत असतं. मेंदूतून आणि मेंदूच्या बुंध्यातून निघालेल्या वाटा खालच्या पेशींना अष्टौप्रहर जागं ठेवत असतात. त्या वाटा एका झटक्यात तुटल्या की खालच्या पेशी शाबूत असूनही गप्प होतात. डॉक्टर त्याला स्पायनल शॉक म्हणतात. मामानं आता बोटं अडकवून कितीही ओढली, तरी तो जोर बेंबीच्या खाली पोचणार नव्हता.

मग तिनं शेरिंग्टनची गोष्ट सांगितली. या इंग्रज शास्त्रज्ञाला पुढं १९३२ साली नोबेल मिळालं. त्याच्या काळापर्यंत बऱ्याच जणांना वाटायचं की जखमेच्या धक्क्यानंच खालचा भाग गप्प होत असेल. त्यानं प्राण्याचा मज्जारज्जू एकदा कापला, रिफ्लेक्स गेले. परत यायची वाट बघितली. आले. मग पहिल्या जखमेच्या खाली दुसऱ्यांदा कापला. जखम तशीच, धक्का तसाच, पण या वेळी खालचे रिफ्लेक्स गप्प झाले नाहीत. म्हणजे दोष जखमेच्या धक्क्याचा नव्हता, वरचा आधार सुटल्याचा होता, आणि तो तर पहिल्याच वेळी सुटला होता. त्या प्राण्यांचं वाईट वाटलं, पण युक्तिवाद बिनतोड. इतका स्वच्छ पुरावा आमच्या ऑफिसात आजवर कुणी कुणाला दिलेला नाही.

बेडकामध्ये ही गप्प बसण्याची अवस्था काही मिनिटांत संपते. मांजर-कुत्र्यात काही तासांत. माकडाला त्याहून जास्त वेळ लागतो आणि माणसाला आठवडेच्या आठवडे. मेंदू जेवढा मोठा, तेवढा खालच्या पेशींचा त्याच्यावर भार जास्त. सकाळी मी हे मामाला सांगितलं. पाठीवर उताणा पडून छताकडं बघत मामा म्हणाला, "म्हंजे बेडूक आपल्यापरास बरा म्हनायचा."

मार्शल हॉल नावाच्या डॉक्टरनं या अवस्थेला हे नाव १८५० साली दिलं. त्याच साली कोल्हापुरात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, आजचं करवीर नगर वाचन मंदिर. इकडचा तिकडचा काही संबंध नाही. पण त्या दिवसांत मी दुपारी घटकाभर तिथं जाऊन बसायचो, म्हणून साल डोक्यात राहिलं.

गप्प झालं होतं ते पायांपुरतं नव्हतं, हेही हळूहळू उमगलं. पोट फुगलं होतं. मामी पेज घेऊन बसायची आणि डॉक्टर पोटावर नळी लावून ऐकायचे, मान हलवून "अजून नाही" म्हणायचे. आतडं थांबलेलं. ते गुरगुरायला लागलं त्या दिवशी मामीनं अंबाबाईला हात जोडले. मूत्राशयाचंही तेच. भरलं की आपसूक आकुंचन पावायचं ते विसरलेलं, म्हणून लघवीची नळी. दर दोन तासांनी कूस बदलायची. चौघांनी मिळून, खांदा-कंबर-पाय एकदम, पाठ पिळू न देता. रात्री दोनला आणि चारलाही. ज्याला टोचल्याचं कळत नाही, त्याला चादरीची चुणीदेखील जखम करते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी पाठीचा कणा मोडलेली बहुतेक माणसं अशा जखमा नाहीतर मूत्रपिंडं कुजून मरायची. १९४४ मध्ये इंग्लंडातल्या स्टोक मँडेव्हिलला गुटमन नावाच्या डॉक्टरनं कूस बदलण्याचा आणि लघवीची निगा राखण्याचा कडक शिरस्ता घातला, तेव्हापासून चित्र पालटायला लागलं. आमच्या वॉर्डातल्या मावशींना गुटमन ठाऊक नव्हता, पण त्यांचा आवाज त्याच्यासारखाच करडा असणार. "उठा, दोन वाजले, मामांना वळवायचं हाय."

एक तपासणी मात्र मला बरेच दिवस अडाण्यासारखी कोड्यात टाकून होती. मोठे डॉक्टर पडदा ओढून घ्यायचे, हातमोजा घालायचे, मागच्या बाजूनं बोट घालायचे आणि दुसऱ्या हातानं लघवीची नळी हलकीच ओढायचे. बायकांना बाहेर काढायचे, मी आत. मामा डोळे मिटून घ्यायचा. त्याला कळत काहीच नव्हतं, पण काय चाललंय ते ठाऊक होतं. नळी ओढली की गुदद्वार आवळतं का, एवढंच बघायचं असतं. हाही एक रिफ्लेक्स, मज्जारज्जूच्या अगदी शेपटाकडचा. आणि तो लवकर परतणाऱ्यांपैकी. बऱ्याच जणांत पहिल्या दोन-तीन दिवसांत. गुडघा-घोट्याची हातोडी त्यानंतर कधीतरी, आठवड्यांनी. म्हणजे सगळे एकदम जागे होत नाहीत, त्यांचा क्रम असतो. अमेरिकेतल्या डिटुनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्याचे चार टप्पे मांडले: पहिला दिवस सामसूम, मग दोन दिवसांत काही रिफ्लेक्सची पहिली चाहूल, पहिल्या आठवड्यापासून महिन्यापर्यंत वाढता जोर, आणि पुढं वर्षभर तो जोर अंगात मुरत जाणं.

सगळ्यात आधी मी जे बघितलं, ते त्या मुलीनं दाखवलं म्हणून दिसलं. तिनं मामाच्या तळव्यावर जोरात रेघ ओढली. काही नाही. ती थांबली. मी तिच्याकडं बघत होतो, ती म्हणाली, "माझ्याकडं नको, बोटांकडं बघा." आणि मग पायाची बोटं खाली वळायला लागली. इतकी सावकाश, की घड्याळाचा काटा सरकताना दिसू नये तशी. वळली, क्षणभर राहिली, तितक्याच सावकाश सुटली. माझ्या अंगावर काटा आला. तिनं फाइलवर एक बारकी नोंद केली. चेहरा मख्ख.

"चांगलं आहे ना हे?" मी.

"आहे ते आहे," ती.

मला तिच्या त्या मख्खपणाचा अर्थ पुढं लागला. तो लागायला एक गडबड व्हावी लागली.

काही आठवड्यांनी मामी मामाचे पाय पुसत होती. ओलं फडकं मांडीच्या आतल्या बाजूनं फिरलं आणि मामाचा उजवा पाय गुडघ्यात दुमडून वर आला. सपकन. मामी किंचाळलीच. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक धावले. मामीनं पुन्हा फडकं फिरवलं, पाय पुन्हा आला. मग काय! तासाभरात गावाला फोन, मामेभावाला फोन, आईला फोन. संध्याकाळी वॉर्डभर पेढे. जोतिबाला नारळ कबूल झाला, अंबाबाईची ओटी कबूल झाली. एक लांबचे पाहुणे तर पुढच्या हंगामात मामा स्वतः ट्रॉली भरणार असं सांगून मोकळे झाले.

या सगळ्यात मामा एकटाच पेढा हातात धरून बसला होता. मी जवळ गेलो. त्यानं हळू आवाजात विचारलं, "हालला न्हवं?"

"हालला की मामा."

"हालला खरा. पर म्या न्हाई हालवला."

मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, त्यांनी सगळं तपासलं. हातोडी मारली, तर पाय नुसता उडाला नाही, थरथरत राहिला. पाऊल झटकन वर ढकललं तर ते ठकठक ठकठक नाचायला लागलं, थांबेना. नळी ओढल्यावर गुदद्वार कधीच आवळायला लागलं होतं. मग त्यांनी तीच जुनी चौकशी केली, पण या वेळी जास्त वेळ घेऊन. टाचणीनं अगदी गुदद्वाराच्या कडेला टोचून, "पाटील, टोचतंय का बोथट लागतंय?" "काय न्हाई." "आत दाब कळतो?" "न्हाई." "बोट आवळा." मामाचा चेहरा लाल झाला, कपाळाची शीर फुगली. "सोडा आता." त्यांनी पडदा उघडला आणि मला बाहेर बोलावलं.

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. स्पायनल शॉक असतो तोवर काही नक्की म्हणता येत नाही. पाय हालत नाहीत ते वाट पूर्ण तुटल्यामुळं की सगळंच गप्प झाल्यामुळं, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून इतके दिवस ते आम्हाला "बघू" म्हणत होते. आता खालचा भाग जागा झालाय. तरीही शेवटच्या टोकाला, गुदद्वाराशीसुद्धा, टोचलेलं कळत नाही आणि आवळता येत नाही. म्हणजे वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडची वाट बंद. त्यांच्या मोजपट्टीवर 'ए', पूर्ण इजा. शेवटच्या टोकाला थोडी जरी जाणीव उरली असती, तरी गोष्ट वेगळी असती. त्या एवढ्याशा जागेवर सगळं येऊन ठेपतं. 'ए' असलेल्यांतही थोड्यांना वर्षभरात काहीतरी परत मिळतं, पण त्या आशेवर घर बांधू नका, घराला रॅम्प बांधा, असं ते म्हणाले.

म्हणजे आम्ही ज्या दिवशी पेढे वाटले, त्याच दिवशी डॉक्टरांकडचं "बघू" संपलं होतं. रिफ्लेक्स परत आले म्हणूनच ते नक्की सांगू शकले. हे मला किती दिवस पचलं नाही. मामीला सांगायचं माझ्यावर आलं आणि मी ते मामेभाऊ येईपर्यंत लांबवलं. त्याला सैन्यात असल्यामुळं खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र माहीत होतं, तो माझ्यापेक्षा सरळ बोलला.

आणि मामाला? मामाला आम्ही सांगायच्या आधीच कळलं होतं. त्याचा पाय त्याला न विचारता वर येत होता. यापेक्षा स्पष्ट अहवाल कुठल्या लॅबनं दिला असता?

मधल्या काळात घरी गेलो, तेव्हा ताईचं आठ महिन्यांचं बाळ आलं होतं. मी त्याच्या तळव्याच्या कडेनं नखानं रेघ ओढली. अंगठा वर, बाकीची बोटं पंख्यासारखी पसरलेली. ताई म्हणाली, "काय करतोयस त्याला?" मामाच्या पावलाचंही आता तसंच होत होतं. आधी सावकाश खाली वळणारी बोटं गेली, आता रेघ ओढली की अंगठा ताठ वर. बाबिन्स्की नावाच्या पॅरिसच्या डॉक्टरनं ही खूण १८९६ मध्ये सांगितली. बाळाच्या मेंदूतून खाली जाणाऱ्या वाटा अजून पक्क्या झालेल्या नसतात, म्हणून त्याचा अंगठा वर जातो. वर्ष-दीड वर्षात ते थांबतं. मोठ्या माणसात पुन्हा सुरू झालं, तर त्या वाटांना इजा आहे. बाळ हसत होतं. मी हात काढून घेतला.

जागे झालेले रिफ्लेक्स नुसते परत येत नाहीत, हळूहळू मस्तीला येतात. वरून हुकूम येणं बंद झालं की खालच्या पेशी मिळेल त्या बारीकसारीक खबरेला जास्त संवेदनशील होतात, आणि तुटलेल्या वाटांची मोकळी जागा आसपासचे तंतू फुटवे फुटून बळकावतात. मग चादर ओढली तरी पाय उडतात, गार पाणी लागलं तरी ताठ होतात. घरी आल्यावर पहाटे मामाच्या पायांचा असा काही दंगा चालायचा की खाट हालायची. तो दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरायचा आणि पायांना शिव्या घालायचा. "ह्यो मारका खोंड हाय, भाच्या. दावं माझ्या हातात, पर चालतोय आपल्या मनानं."

फिजिओ मॅडम म्हणाल्या, बॅक्लोफेनची गोळी देता येईल, पण सगळा ताठरपणा मारून टाकायचा नाही. थोडा असलेला बरा, स्नायू झडत नाहीत. मामानं लवकरच त्यातलं काय कामाचं ते हेरलं. चड्डी चढवताना मांडीला एका विशिष्ट जागी चिमटा काढला की पाय वर येतो, तेवढ्यात कापड सरकवायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

लघवीचं मात्र सोपं नव्हतं. मूत्राशयही जागं झालं होतं, ते आपसूक आकुंचन पावायचं. आम्हाला वाटलं, नळी सुटली! पण ते आकुंचन पावतं तेव्हाच तोंडाचा स्नायूही आवळला जातो, दाब उलटा मूत्रपिंडाकडं चढतो. म्हणून दिवसातून ठरावीक तासांनी स्वतः स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. मामाला हे जमायला वेळ लागला, लाज जायला त्याहून जास्त.

फिजिओकडं एक पोरगा यायचा, विहिरीत सूर मारताना मान मोडलेला. एकदा व्यायामाच्या गादीवर त्याला दरदरून घाम सुटला, चेहरा लालबुंद, "डोकं फुटतंय" म्हणायला लागला. मी पाणी आणायला पळणार, तेवढ्यात त्याच्या आईनं त्याला झटक्यात उठवून बसवलं आणि पँटच्या खाली हात घातला. लघवीची नळी मुडपली होती. ती सरळ केली, पिशवीत धार लागली, आणि पाच-दहा मिनिटांत पोरगा शांत. छातीच्या सहाव्या पातळीच्या वर इजा असली की भरलेलं मूत्राशयदेखील रक्तदाब भलताच चढवू शकतं. खालून उठलेल्या आरोळीला वरून आवर घालणारं कुणी नसतं. अशा वेळी निजवायचं नाही, बसवायचं, कपडे सैल करायचे आणि कारण शोधायचं. हे शॉक ओसरल्यावरचं दुखणं. त्या बाईला कुणी डॉक्टर म्हणत नाही, पण त्या दिवशी मी मनात म्हटलं.

वाचन मंदिरातून मी नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' आणलं. ऐन कॉलेजच्या वयात त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या बाबूकाका दिवाणांच्या भेटीनं त्या उभारी धरून बाहेर पडल्या, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सुरू केली. उचगावचं 'घरौंदा' वसतिगृह त्यांचंच. उचगाव म्हणजे माझ्या कामावर जायच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर, आणि मी आजवर कधी मान वळवून बघितलं नव्हतं. पुस्तक मी मामाला वाचायला दिलं, त्यानं मामीला दिलं. मामीनं ते माझ्यापेक्षा लवकर संपवलं आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून न्हाणीघराचा दरवाजा रुंद करायला घेतला.

मामाला स्वतःला जास्त भावले ते मुरलीकांत पेटकर. पेठ-इस्लामपूरचे, म्हणजे हायवेला लागलं की इथून फार लांब नाही. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या, त्यातली एक कण्यात. लष्करातले बॉक्सर होते, जलतरणाकडं वळले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकला पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकलं. त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' सिनेमा मी मोबाइलवर लावून दिला. मामा तरुणपणी तालमीत जाणारा. बघून झाल्यावर म्हणाला, "गडी पाय हालवायची वाट बघत बसला न्हाई." एवढंच. मग म्हणाला, चार्जर दे.

खोंडाची मस्ती मात्र परवा अचानक फार वाढली. दोन दिवस पाय सारखे उडत होते, खुर्चीच्या पायठाणावरून घसरून पडत होते. ताप नाही, मामाला दुखतंय म्हणावं तर त्याला खाली काही कळत नाही. मी फिजिओ मॅडमना फोन केला. त्यांनी गोळीचं नाव काढलंच नाही. लघवी गढूळ आहे का, पोट साफ होतंय का, अंगठ्याचं नख आत रुतलंय का, कातडी कुठं सोललीय का, सगळं उजेडात बघा म्हणाल्या. मामीनं आरसा घेतला, मी मोबाइलची बॅटरी धरली. लघवी निवळ होती. नखं ठीक. डाव्या टाचेच्या मागं, नव्या बुटाच्या शिवणीनं, रुपयाएवढं कातडं गेलेलं. तांबडं, ओलसर, कडेला पांढरं.

मामीनं बूट उचलून अंगणात फेकला. जखम सलाइनच्या पाण्यानं धुतली, टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी सरकवली. पाय मध्ये एकदा उडालाच. मामा मान वाकडी करून आरशात टाचेकडं बघत होता. "मला न्हाई कळलं, पर ह्या खोंडाला कळलं बग," म्हणाला. मग त्यानं मला सांगितलं की आता चार-आठ दिवस आपण काही खुर्चीत बसत नाही, तेव्हा कारखान्यावर जाऊन उसाचा हप्ता जमा झाला का ते तूच बघून ये, आणि येताना चपलांचा एक मऊ जोड आण, शिवण आतून हात घालून बघ, दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नको.